मीटरचा लाल दिवा आणि हळदीचं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कॅलेंडर टांगलेलं आहे. दुधाचे खाडे मी त्यावरच मांडते. गेल्या गुढीपाडव्यापासून त्याच चौकोनात रोज रात्री दहाला मीटरचं रीडिंगही लिहायला लागले. तुम्हालाही करायचं असेल, तर पहिला महिनाभर घरात काहीच बदलू नका. नुसतं लिहा. पाहुणे आले, कूलर दिवसभर चालला, मोटार दोनदा लावली, हेही शेजारी खरडून ठेवा. बिलावर महिन्याचा एकच आकडा येतो, त्यावरून चोर सापडत नाही.

माझा संशय कूलरवर होता. लातूरचा मे, त्याशिवाय दुपार जातच नाही. आमचा कूलर 180 वॅटचा, आठ तास चालला तरी दीड युनिटाच्या आतच. पण काही दिवशी आकडा एकदम दोन-अडीच युनिटांनी उडी मारायचा, आणि त्या प्रत्येक दिवसापुढे 'मोटार दोनदा' असं लिहिलेलं! आमची बोअरची एक एचपीची मोटार तासाला साधारण एक युनिट खाते. टाकी इतकी लवकर रिकामी का होते, ते शोधायला मग हळद कामाला आली. झोपायच्या आधी फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवा, फ्लश करू नका, पंधरा-वीस मिनिटांनी भांड्यात बघा. आमचं भांडं पिवळं झालं होतं. आतला वॉशर गेलेला, किंमत किरकोळ. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे शहर, आणि आम्ही बोअरचं पाणी वर चढवून रात्रभर संडासात सोडत होतो. सासूबाईंनी यावरून मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दुसरी तपासणी मीटरच्या लाल दिव्याची. मीटरवर बारीक अक्षरात 3200 किंवा तसाच एक आकडा छापलेला असतो. दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रीजसकट सगळं बंद करा आणि मिनिटभर मोजा. आमच्याकडे सगळं बंद असूनही चार वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला 240, म्हणजे 75 वॅट, महिन्याला 54 युनिट, तेही कुणी काही वापरत नसताना! मेन बोर्डावरचं एकेक बटण पाडत गेलो, तेव्हा जुन्या बॅटरीचा इन्व्हर्टर आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्स सापडले. 100 युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणून ही 54 मला जास्तच झोंबली.

गॅसचं सोपं आहे. सिलिंडर लावला की त्यावर खडूनं तारीख टाका. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली, तेव्हा आमची टाकी चार-पाच दिवस जास्त पुरली.

कचरा मात्र तोलावा लागतो. भंगारवाल्याकडं असतो तसला ताणकाटा घ्या आणि घंटागाडीत टाकण्याआधी पिशवी अडकवा. सात दिवस लिहिल्यावर कळलं की आमच्या ओल्या कचऱ्यात शिळ्या भाकरीच फार होत्या. आता दोन भाकरींचं पीठ कमी मळते आणि तरी उरलं तर सकाळी कांदा घालून कुस्करा.

बाकीच्या सालीदेठांसाठी जुन्या माठाला भोकं पाडली. तळाला नारळाच्या शेंड्या, मग एक थर ओला, एक थर कडुनिंबाचा वाळका पाला. सगळे सांगतात, खत ओलं होऊ देऊ नका. पण आपल्याकडं उन्हाळ्यात उलटं होतं, माठातलं सगळं आठवड्यात पापडासारखं वाळून बसतं आणि कुजतच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडत राहा. मूठभर उचलून दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये.

टरबुजाच्या साली माठात घालू नका, दोन दिवसांत चिलटं होतात. आमच्या गल्लीत एक मावशी शेळ्या घेऊन जातात, त्यांच्यासाठी मी फाटकाला पिशवी अडकवून ठेवते.