येवा मोजल्याशिवाय पंप मागू नका : पाण्यात अडकलेल्यांच्या सुटकेच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून २०१८ साली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक जिवंत बाहेर आले, तेव्हापासून या कामाबद्दल विचारणारी पोरं वाढली. सोलापुरातूनही बरीच विचारतात. प्रत्येकाला पाणबुड्या व्हायचं असतं. व्हा, माझी ना नाही. पण पाणबुड्याला आत जाता यावं म्हणून बाहेर रात्रंदिवस पंपाने जो उपसा चालतो आणि त्यासाठी येवा, म्हणजे आत येणारं पाणी, जो मोजावा लागतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. माणसं कमी पडतात ती नेमकी तिथेच. मी त्याच बाजूचा माणूस आहे, म्हणून हे लिहितोय.

थाम लुआंगचं तुम्हाला माहीत आहेच, फक्त पंपाच्या बाजूने एकदा बघा. मुलं २३ जूनला आत गेली आणि पावसाने परतीची वाट बुडाली. २ जुलैला दोघा ब्रिटिश पाणबुड्यांना ती सापडली. ८, ९ आणि १० जुलै अशा तीन दिवसांत सगळ्यांना काढलं. त्याआधी ६ जुलैला समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना मरण पावला. या सगळ्या काळात गुहेच्या तोंडाकडून उपसा चालू होता आणि वर डोंगरावर ओढ्यांना बांध घालून, पाइप टाकून पाणी दुसरीकडे वळवलं जात होतं. आपल्या किर्लोस्करवाडीच्या कंपनीचे तंत्रज्ञही तिथे उपशाच्या मदतीला होते. १० तारखेला शेवटचा मुलगा बाहेर आला आणि त्यानंतर थोड्याच वेळात मुख्य पंप बंद पडला. आत अजून बचावपथकाची माणसं होती, पाणी भराभर चढायला लागलं आणि त्यांना अक्षरशः पळत बाहेर यावं लागलं. पंप काय करत होता ते तो थांबल्यावर कळलं.

आता मुद्द्याचं. आपल्या जिल्ह्यात चुनखडीच्या गुहा नाहीत, सगळा काळा दगड. आपल्याला शिकायला मिळतात त्या विहिरी. मी आयटीआय करून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो, तिथून विहिरीत पडलेल्या मोटारी काढणाऱ्या एका मिस्त्रींच्या हाताखाली गेलो. घरच्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. पगार वेळेवर नाही, रात्री-अपरात्री फोन, आणि घरी येताना अंगभर गाळ. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. तुमचेही तसेच जातील, हे आधीच सांगून ठेवतो.

मोहोळ तालुक्यातल्या एका जुन्या बांधीव विहिरीवर आम्ही सगळेच फसलो. संध्याकाळी पंप सुरू केला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पाणी चांगलं पुरुषभर खाली गेलं. सगळे खूश. शेतमालक म्हणाला, पहाटेपर्यंत तळ दिसतो बघा. त्यानंतर रात्रभर पंप तसाच ओतत होता आणि पाणी एका दगडाच्या कडेला जे येऊन थांबलं, ते उजाडेपर्यंत तिथेच. पंपात काही बिघाड नव्हता. आत कुणी माणूस अडकलेला नव्हता, फक्त मोटार होती. पण मी तिथे काठावर बसून एकच विचार करत होतो, खाली माणूस असता तर आम्ही त्याच्या घरच्यांना जेवणाच्या वेळीच "पहाटेपर्यंत होईल" असं सांगून बसलो असतो.

हा सापळा नीट समजून घ्या, बाकी सगळं नंतर शिकता येतं. सुरुवातीला पाणी झपाट्याने उतरतं, कारण तुम्ही साठलेलं पाणी काढत असता. पातळी खाली जाते तसा बाजूच्या दगडातल्या पाण्याचा आतल्या पोकळीकडे दाब वाढतो आणि झरे जोरात वाहायला लागतात. त्याच वेळी पाणी वर चढवायची उंची वाढल्यामुळे तुमचा पंप आधीपेक्षा कमी ओतायला लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरुद्ध जातात. कुठेतरी येवा आणि उपसा सारखे होतात आणि पातळी अडकते. आपण सोलापूरची माणसं पावसाळ्यात उजनी धरणाचा हिशोब असाच करतो ना? वरून दौंडकडून येणारा विसर्ग किती आणि खाली नदीत किती सोडलं, हे बघितल्याशिवाय धरण कधी भरेल ते कुणी बोलत नाही. तोच हिशोब गुहेच्या तोंडाशी करायचा असतो, फक्त तिथे दौंडचा आकडा सांगणारं कुणी नसतं. तो तुम्हालाच काढायचा असतो.

काढायचा कसा ते सांगतो. आधी पंपाचा खरा विसर्ग मोजा, पाटीवर लिहिलेला धरू नका. दोनशे लिटरचं बॅरल डिलिव्हरीखाली, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या पाइपाखाली, धरा. दहा सेकंदांत भरलं, तर सेकंदाला वीस लिटर. मग पातळी वाचायची सोय करा. उघड्या पाण्यावर लाटा असतात, नजर फसते. म्हणून दोन इंची पीव्हीसी पाइप, खालच्या टोकाला भोकं पाडून, पाण्यात उभा घट्ट बांधा. त्याच्या आत पाणी संथ राहतं, तिथे टेप सोडून वाचा. पंप चालू असताना दहा मिनिटांत पाणी किती उतरलं ते लिहा. मग पंप बंद करा आणि पुढच्या दहा मिनिटांत किती चढलं ते लिहा.

समजा चालू असताना सहा सेंटिमीटर उतरलं आणि बंद केल्यावर चार चढलं. उतरलेलं आणि चढलेलं मिळून दहा, त्यातलं चढलेलं चार. वीस लिटरचे दहातले चार भाग म्हणजे आठ लिटर, हा तुमचा येवा. गुहेचं तोंड किती रुंद, आत पोकळी केवढी, काहीही माहीत नसताना हा आकडा मिळतो. माझ्या मते या कामातली याहून मोलाची गोष्ट नाही, आणि कुठल्याही शिबिरात ती मला कुणी शिकवली नाही.

आता दुसरा प्रसंग धरा. चालू असताना दोनच उतरलं, बंद केल्यावर आठ चढलं. येवा सोळा. म्हणजे तुमच्या वीसमधले सोळा नुसते येणाऱ्या पाण्याला पुरे पडतायत, पातळी उतरवायला उरले चार. इथे नवखा माणूस हात टेकतो. पण तेवढाच दुसरा पंप लावला तर उपसा चाळीस, उरले चोवीस. पंप दुप्पट केला आणि उतरण्याचा वेग सहापट झाला. उलट, वर पाऊस पडून येवा सोळाचा वीस झाला, तर एक पंप असून नसल्यासारखा. म्हणून डोंगरावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला फोन घेऊन एक माणूस बसवाच. आणि दर मीटरभर पाणी उतरलं की पुन्हा मोजा, कारण खाली येवा बदलतो. सकाळचा आकडा संध्याकाळी वापरू नका.

पंप बंद करून मोजायचं म्हटलं की काय होतं, तेही ऐका. काठावरची माणसं अंगावर येतात. "अरं, बंद का केलास? आतली माणसं मेली तर?" नातेवाईक रडत असतात, एखादा पुढारी मोबाइल काढून उभा असतो. त्या दहा मिनिटांत पाय लटपटतात. म्हणून आधीच तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याला सांगून ठेवा की दहा मिनिटं थांबणार आहोत आणि कशासाठी, आणि घरच्या माणसांशी त्यांनाच बोलू द्या. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. बुडालेल्या वाटेपलीकडे आपला एकही पाणबुड्या असेल तर पंप मोजणीसाठी बंद करायचा नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. मोजणी पहिला माणूस आत जायच्या आधी, आणि पुढची प्रत्येक मोजणी आपली सगळी माणसं बाहेर असतानाच.

मेघालयातल्या पूर्व जैंतिया हिल्समध्ये १३ डिसेंबर २०१८ ला कोळशाच्या अरुंद खाणीत नदीचं पाणी शिरलं आणि पंधरा मजूर अडकले. मोठमोठे पंप आले, नौदलाचे पाणबुडे आले, पाण्याखाली चालणारं यंत्र आलं. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणींतून पाणी येतच राहिलं. शेवटी दोनच मृतदेह हाती लागले. तिथे राबलेल्यांना मी बोल लावत नाही, त्यांनी जिवाचं रान केलं. पण शेजारून येणारं पाणी किती, हा प्रश्न पहिल्या तासाला विचारायचा असतो, हे मला त्या बातम्या वाचूनच खरं पटलं. गुहा असो, खाण असो, बोगदा असो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या तुम्हाला दुकानातही शिकायला मिळतील. वर ठेवलेला पंप वीस-बावीस फुटांपेक्षा खालचं पाणी ओढत नाही, कितीही एचपी वाढवा. त्याच्या खाली सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) किंवा मड पंपच (गाळाचं पाणी उपसणारा) सोडावा लागतो. जनरेटरला जोडताना दोन फेज उलटसुलट झाले की मोटार उलटी फिरते. पंप आवाज करतो, पाणीही येतं, पण बरंच कमी. घाईत ते कुणाच्या लक्षात येत नाही, तुमच्या आलं पाहिजे. काढलेलं पाणी फिरून त्याच भेगेत जाणार नाही इतक्या लांब सोडा. थायलंडमध्ये ते पाणी शेजारच्या भातशेतीत गेलं आणि शेतकऱ्यांनी आपली पिकं बुडू दिली.

आणि डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत, गुहेत, बोगद्यात खाली उतरवायचं नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. आपल्याकडच्या विहिरींत अशी माणसं गेली आहेत. मालक म्हणेल, पाचच मिनिटं. सरळ नाही म्हणा, काम गेलं तरी चालेल.

आता शिकायचं कुणाकडे? माझं मत कुणाला कडू लागेल. शनिवार-रविवारच्या शिबिरात दोरीवर लोंबकळून फोटो काढले आणि छातीला बिल्ला लावला म्हणजे बचावकार्य येत नाही. त्यापेक्षा विहिरी खोदणाऱ्या किंवा मोटारी काढणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. आमचे मिस्त्री शाळेत फार गेले नव्हते, पण पाइपावर तळहात ठेवून पंपाने हवा धरली की गाळ धरला ते सांगायचे. मात्र मिस्त्री निवडताना बघून घ्या. जो तुम्हाला आधी खाली उतरवतो आणि स्वतः वर विडी ओढत बसतो, त्याच्याकडे थांबू नका. मी एका ठेकेदाराकडे असा थांबलो होतो. त्याने महिनोन्महिने पैसेही दिले नाहीत आणि कमरेला दोरीही नाही.

नोकरीच्या वाटा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन घ्या किंवा जिथे असेल तिथे पंप ऑपरेटर कम मेकॅनिक, दोन्ही उपयोगी. वायरमनचा परवाना काढाच, ओल्या जागेत तीन फेज हाताळायचे आहेत. एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, थेट भरती होईल असं सांगून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तिथे केंद्रीय सशस्त्र दलांतले जवान प्रतिनियुक्तीवर जातात. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला त्यांची बटालियन आहे. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलात, एसडीआरएफमध्येही, राज्य राखीव पोलीस बलातूनच माणसं घेतात, आणि त्या बलाचा गट १० आपल्या सोलापूरच्या सोरेगावात आहे. भरतीचं मैदान जमत असेल तर तो रस्ता घ्या. नसेल जमत तर पंप कंपन्यांची सर्व्हिस विभागातली नोकरी कमी समजू नका. थाम लुआंगला गेलेले आपले तंत्रज्ञ कुठल्या बचावदलातले नव्हते, पंपाचं काम करणारी माणसं होती. आपत्तीचं मूलभूत शिक्षण हवं असेल तर सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण दिलं जायचं, सध्या काय चालू आहे त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा.

उंची कमी आहे, पोहता बेताचं येतं, इंग्रजी येत नाही, असं म्हणून मागे फिरू नका. उपशाच्या कामाला रात्रभर जागं राहून दर दहा मिनिटांनी खरा आकडा लिहिणारा माणूस लागतो. तुम्हाला वाटतं तसा आकडा लिहायचा नाही, दिसतो तो लिहायचा. हे जमत असेल तर तुम्ही या कामाचे आहात, आणि जमत नसेल तर दुसरं काम बघा, त्यात कमीपणा नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा-मोहोळकडे कुणाकडे किती इंची मड पंप आहे, कुणाचा जनरेटर चालू आहे, हे ऐनवेळी फोन फिरवून शोधावं लागत होतं. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच तहसीलच्या आपत्ती कक्षात आपलं नाव, मोबाइल नंबर, आपल्याकडचा पंप किती इंची, बॅरलने मोजलेला विसर्ग किती, होज किती फूट आणि होज जोडायचं कपलिंग कुठल्या मापाचं, एवढं लेखी देऊन या. कपलिंगचं माप आवर्जून लिहा. दोन गावांचे पंप एकत्र आले आणि होज जुळले नाहीत, तर सगळा ताफा नुसता उभा राहतो.