घरी जोडलेला संगणक सुरू होत नसेल, तर पेचकस हातात घेण्याआधी

स्वतः भाग निवडून जोडलेला संगणक पहिल्यांदा बटण दाबल्यावर सुरू झाला नाही की प्रोसेसर जळाला किंवा मदरबोर्ड गेला असेच आधी वाटते. नव्या जोडणीत मात्र भागच खराब निघण्यापेक्षा काहीतरी अर्धवट बसलेले, जोडायचे राहिलेले किंवा चुकीच्या जागी लागलेले असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. घाईघाईने सगळे उपटून पुन्हा लावल्यास मूळ चूक कोणती होती ते कळत नाही, शिवाय एखादी पिन वाकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे आधी तयारी करावी आणि मगच हात घालावा.

पहिली तयारी कागदाची. संगणक नेमके काय करतो ते लिहून काढा. "चालू होत नाही" या तीन शब्दांत पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबल्यावर काहीच न होणे, पंखे क्षणभर फिरून थांबणे, पंखे आणि दिवे चालू राहूनही पडदा काळा असणे, स्वतःच बंद-चालू होत राहणे, आणि बायोस (मदरबोर्डचे स्वतःचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर) दिसूनही विंडोज किंवा लिनक्स न उघडणे. पहिल्यात शोध वीजपुरवठ्यापासून सुरू होतो, दुसऱ्यात शॉर्ट सर्किट किंवा प्रोसेसरच्या वीजजोडणीपासून, तिसऱ्यात रॅम आणि ग्राफिक्सपासून. चौथा बहुतेक वेळा रॅमकडेच बोट दाखवतो. पाचव्यात वीज, रॅम आणि प्रोसेसर यांची प्राथमिक तपासणी पार पडलेली असते, त्यामुळे तिथे केबली उपटण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये एसएसडी दिसते का आणि बूटचा, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे त्याचा, क्रम बरोबर आहे का, एवढेच पाहायचे. जुन्या संगणकातली डिस्क नव्यात लावली असेल आणि ती एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असेल, तर यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस, तिला बहुतेक वेळा बूटसाठी स्वीकारत नाही, हेही तिथेच लक्षात येते.

दुसरी तयारी साहित्याची. फिलिप्स क्रमांक २ चा पेचकस, शक्यतो चुंबकीय टोकाचा. बारीक टोकाचा चिमटा, चांगला टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा. कुठलीही केबल काढण्याआधी तिचा फोटो घ्या, कारण पुढच्या पॅनेलच्या इवल्याशा तारा कुठे होत्या ते नंतर आठवत नाही. मदरबोर्डची पुस्तिका दुसऱ्या उपकरणावर पीडीएफ स्वरूपात उघडून ठेवा. साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर अर्धा तर्क वाचतो. याशिवाय बोर्डावर बसणारा एक नवा सीआर२०३२ बटण सेल, ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड आणि थर्मल पेस्ट जवळ ठेवा. प्रोसेसरवरचा कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, म्हणून पेस्ट नसेल तर कूलरला हात लावू नका. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला एक पेनड्राइव्हही हवा. त्याचे काम पुढे येईल. मदरबोर्डला जोडायचा छोटा स्पीकर मिळाला तर जरूर घ्या. हल्लीच्या बऱ्याच केसमध्ये तो नसतो आणि बीपचे संकेत त्याच्याविना ऐकू येत नाहीत.

तिसरी तयारी सुरक्षिततेची. प्रत्येक वेळी भाग काढण्याआधी पॉवर सप्लायची मागची कळ बंद करा, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा आणि संगणकाचे बटण १० ते १५ सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते. बोर्डाला हात लावण्याआधी केसच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही कित्येक वेळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबली दुसऱ्या सप्लायला लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. बोर्डाकडच्या टोकाची रचना ठरलेली असते, सप्लायकडच्या टोकाची नसते. खाच जुळली म्हणून लावलेली केबल ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवून सगळ्या डिस्क एका क्षणात निकामी करू शकते.

आता प्रत्यक्ष तपासणी. काहीच हालचाल नसेल तर बाहेरून आत या. भिंतीच्या सॉकेटमध्ये दुसरे उपकरण चालते का पाहा, एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढा, सप्लायच्या मागची कळ "I" खुणेकडे आहे ना ते बघा. मग २४ पिनांचा मुख्य कनेक्टर. तो बसायला बराच जोर लागतो आणि खटका लागल्याशिवाय पूर्ण बसलेला नसतो. वरून सरळ दिसला तरी एका बाजूने मिलिमीटरभर उचललेला असू शकतो. त्यानंतर केसचे बटण. समोरच्या पॅनेलच्या नऊ पिनांच्या जागेवर पॉवर स्विचची जोडी बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर येते, तरी पुस्तिकेतली आकृती पाहूनच खात्री करा. स्विचच्या तारेला धन-ऋण नसते, एलईडीच्या तारेला असते. बटणावरच शंका असेल तर ती तार काढून त्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. संगणक उठला तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. रिसेटचे बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले तरीही संगणक सुरू होत नाही, म्हणून तीही तार काढून पाहावी.

सप्लायची स्वतंत्र परीक्षा घ्यायची असेल तर तो बोर्डापासून पूर्ण सोडवा आणि त्याला एखादा पंखा जोडा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या तारेची पिन, म्हणजे १६ क्रमांक, शेजारच्या काळ्या तारेच्या पिनेशी पेपरक्लिपने जोडायची. क्लिप मागची कळ बंद असतानाच लावायची. सगळ्या तारा काळ्या असतील तर खटका असलेल्या बाजूची रांग धरा. आजच्या कनेक्टरमध्ये त्या रांगेत एक भोक रिकामे असते. त्या भोकापासून दूर असलेल्या टोकाकडून मोजली तर चौथी पिन ती १६ क्रमांकाची, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पिना ग्राउंडच्या, म्हणजे काळ्या तारेच्या. कळ चालू केल्यावर जोडलेला पंखा फिरायला हवा. सप्लायचा स्वतःचा पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असे ठरवू नका, अनेक सप्लायचा पंखा कमी भारावर मुद्दाम थांबलेला असतो. पंखा फिरणे हाही अर्धाच पुरावा आहे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दाब मोजा: १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर साधारण ३.१४ ते ३.४७. जांभळ्या तारेवर, म्हणजे ९ क्रमांकाच्या पिनेवर, पेपरक्लिप न लावताही ५ व्होल्ट असायला हवेत. ते नसतील तर बटण कितीही दाबले तरी बोर्ड जागा होणार नाही.

पंखे फिरतात पण पडदा काळा, ही तक्रार सर्वांत जास्त दिसते आणि तिच्यातच सर्वांत जास्त साध्या गोष्टी निसटतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की बोर्डाला? कार्ड असताना ती कार्डालाच हवी. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ येतो त्यांत नसते, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत नावातल्या आकड्यानंतर जी असलेल्यांतच असते. त्यानंतर प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली चार-अधिक-चार पिनांची जोडणी विसरली तर पंखे फिरतात, प्रोसेसर मात्र उठत नाही. ग्राफिक्सची सहा-अधिक-दोनची केबल दिसायला तशीच असते. ती तिथे सरळ बसत नाही आणि जोराने कधीही बसवू नये.

मग रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच पट्टी लावायची तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, दोन लावायच्या तर दुसरा आणि चौथा. पट्टी दोन्ही टोकांना दाबून बसवा. ज्या बोर्डाला एकाच बाजूला खटका असतो तिथे दुसरी बाजू वर राहून जाते, हे फार वेळा घडते. सोनेरी पट्ट्यांवर बोटांचे डाग असतील तर अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या बाबतीत धीर धरणे हाच तपासणीचा भाग आहे. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचे ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटे लागतात, रॅम मोठी असेल तर दहा मिनिटांहूनही अधिक. पडदा काळा, रॅमचा दिवा पेटलेला, आणि तरीही सगळे ठीक असू शकते. या वेळात वीज बंद करणारे लोक प्रत्येक वेळी तीच प्रक्रिया शून्यापासून सुरू करून देतात. पंधरा मिनिटे हात न लावता थांबा.

दिव्यांचे बोलणे ऐका. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावे लिहिलेले चार छोटे दिवे असतात. सुरुवातीची तपासणी जिथे अडते तो दिवा पेटून राहतो. बीप किंवा दोन आकडी कोड असतील तर त्यांचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेतूनच काढा, कारण तो बोर्डागणिक बदलतो.

सीपीयूचा दिवा जात नसेल आणि सगळ्या जोडण्या नीट असतील, तर बायोस प्रोसेसरपेक्षा जुना असण्याची शक्यता आधी तपासा. बी४५० बोर्डावर रायझन ५००० किंवा बी६६० बोर्डावर तेराव्या पिढीचा इंटेल बसतो, खाच जुळते, पण कारखान्यातून जुना बायोस आलेला असेल तर बोर्ड त्याला ओळखत नाही. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरच्या यादीत लागणारी बायोसची आवृत्ती दिलेली असते. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलण्याची, सोय असेल तर तो एफएटी३२ चा पेनड्राइव्ह आता हाती घ्या. त्यावरच्या बायोसच्या फाइलला पुस्तिकेत सांगितलेले नाव द्या, ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टातच लावा, बटण काही सेकंद दाबा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नका. बायोसची सेटिंग बदलल्यानंतर किंवा रॅमचा वेग वाढवल्यानंतर संगणक अडला असेल तर आधी सीएमओएस, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग, साफ करा. वायर काढून सेल पाच मिनिटे बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडा.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्या. बोर्डाखालच्या पितळी खुंट्या मोजा: पूर्ण आकाराच्या (एटीएक्स) बोर्डाला साधारण नऊ लागतात, आणि लहान बोर्डासाठी केसमध्ये राहिलेली एखादी जादा खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकते. खाली पडलेला स्क्रू, मागच्या पत्र्याची यूएसबी किंवा लॅन पोर्टात घुसलेली जीभ, पुढच्या यूएसबी ३ च्या १९ पिनांपैकी वाकून शेजारणीला भिडलेली एखादी पिन, हे सगळे टॉर्चने पाहा. कूलर चारही कोपऱ्यांत सारखा आवळलेला आहे का तेही बघा. एका बाजूने जादा ताण आला तर सॉकेटचा संपर्क बिघडतो आणि तक्रार मात्र रॅमची दिसते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर बोर्ड केसबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नव्हे, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, सप्लाय आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड, एवढेच जोडा. एसएसडी, कीबोर्ड, दिव्यांचे हब, सगळे बाजूला. असा तो उठला तर एकेक भाग परत लावत जा आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहा. एका वेळी एकच बदल. दोन केले तर उत्तर मिळाल्यासारखे वाटते, पण मिळत नाही. नाहीच उठला तर रॅमची दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, असे लावून पाहा आणि प्रत्येक निकाल कागदावर लिहा.

प्रोसेसर काढायची पाळी शेवटी येते, आणि इथे सावकाशपणाला पर्याय नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर बंद सॉकेटमधूनही उपटून येतो. म्हणून कूलर आधी हलका डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा. एएमडीच्या नव्या एएम५ मध्ये आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. टॉर्च तिरका धरून त्यांच्या टोकांची चमक पाहा. सरळ रांगेत एखादे टोक वेगळे चमकले तर ती पिन वाकलेली. फोटो मोठा करून खात्री करा. वॉरंटी बाकी असेल तर पिन स्वतः सरळ करायला जाऊ नका, ती तुटली तर दावाही जातो.

दुसऱ्या चालू संगणकातला सप्लाय त्याच्या स्वतःच्या केबलींसह आणून लावता आला, किंवा आपली रॅम तिथे चालते का पाहता आली, तर दोषी भाग नक्की होतो. मात्र रॅम त्याच प्रकारची हवी. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. भाग बदलून मागायला जाताना बिल, अनुक्रमांकाचा फोटो, मूळ खोके, बोर्डाच्या बाबतीत सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण, आणि कोणता दिवा कोणत्या जोडणीत पेटला याची ती लिहिलेली यादी सोबत न्या.