सोलापूरहून तेर: तगर बघायचं ते असं

सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिव, तिथून तेर, म्हणजेच प्राचीन काळचं व्यापारी शहर तगर. एसटीने जायचं तर धाराशिवला गाडी बदलावी लागते. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात. चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

आधी संग्रहालय, मग गाव. उलट केलंत तर पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं म्हणजे नुसते मातीचे ढिगारे वाटतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून हे संग्रहालय उभं राहिलं. केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती बाजूने बघा. दोन साच्यांत दाबून जोडल्यामुळे कडेला सांधा दिसतो. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी जरा थांबा. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती पाँपेईत सापडली, आणि ते शहर इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर सांगितलंय. इथून भडोच बंदराला गाड्यांनी जाई ते मुख्यतः कापड, जाडंभरडं आणि मलमलही. चादरींच्या गावाहून येणाऱ्याला यात नवल वाटायला नको.

त्रिविक्रम मंदिरात बहुतेकजण समोरून दर्शन घेऊन परततात आणि मुख्य गोष्टच हुकते. मागे जा. भिंत अर्धगोल वळते, वर छपराला हत्तीच्या पाठीचा बाक आहे. मूळ वास्तू चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, असावी असं अभ्यासक मानतात. गिलावा नसेल तिथे विटेला वीत लावून बघा, आजच्या नऊ इंची विटेच्या जवळपास दुप्पट भरते.

टेकाडांवर पावसाळ्यानंतर खापरं उघडी पडतात. आत काळं, बाहेर लाल आणि काठाशी पुन्हा काळं, असं खापर दिसलं तर ते भांडं भट्टीत पालथं भाजलेलं. हवा न लागलेला भाग काळा राहतो. बघा, फोटो काढा, पण खिशात घालू नका. जागेवरून हललेल्या खापराचा थर कळत नाही, मग त्याला काही अर्थ उरत नाही. घरं बांधायला पिढ्यानपिढ्या पांढरी उकरली गेली, त्यात आधीच पुष्कळ गेलंय.

भर पावसात जाऊ नका, काळी माती चपलेला शेरभर चिकटते. उन्हाळ्यात टेकाडांवर सावली नाही, तेव्हा सकाळी सहालाच सोलापूर सोडा. भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या.