‘लेग पुलिंग’ म्हणजे पाय ओढणं नव्हे: इंग्रजी वाक्प्रचारांतल्या या चुका टाळा

मी इंग्रजी संभाषणाचा क्लास घेतो. मागे एक मुलगा पडलेल्या चेहऱ्याने आला. म्हणाला, “सर, टीम लीडने काल सगळ्यांसमोर सांगितलं, ‘आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग.’ तोंडावर कबूल करतो म्हणजे काय!” आपल्याकडे पाय ओढणारा माणूस वर चढणाऱ्याला खाली खेचतो. इंग्रजीत तो नुसती फिरकी घेतो. टीम लीडने बिचाऱ्याने गंमत केली होती.

अनोळखी वाक्प्रचार आपण शोधून तरी पाहतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे. ‘कोल्ड फीट’ ऐकलं की आपल्याला हातपाय गार पडणं आठवतं. इंग्रजीत मात्र ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी कच खाणं, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाचे होतात ‘कोल्ड फीट’. साप दिसला म्हणून होत नाहीत.

उलटी चूकही तितकीच होते. ‘डोन्ट ईट माय हेड’ पुण्यात खपून जातं, लंडनमध्ये ऐकणारा दचकेल. तिथे ‘स्टॉप बगिंग मी’ म्हणा.

समोरचा कुठला आहे, हेही बघा. ‘लेट्स टेबल इट’ म्हणजे ब्रिटिश माणसासाठी विषय चर्चेला घेऊ. अमेरिकन माणसासाठी तूर्तास बाजूला ठेवू. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांत बराच वेळ जुंपली होती, आणि दोघांनाही हवं होतं एकच, असं चर्चिलनेच लिहून ठेवलंय. कॉलवर शंका आली तर सरळ विचारा: “डू यू मीन नाऊ ऑर लेटर?” विचारण्यात कमीपणा नाही.

‘वन्स इन अ ब्लू मून’चा अर्थ ‘कधीच नाही’ असा लावू नका. ते आपलं सठीसहामासी. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात, आणि ती साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येते. म्हणजे जवळपास आपल्या अधिक महिन्याइतक्याच अंतराने! अर्थात बोलणारा काही पंचांग बघून बोलत नाही.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ शाळेच्या निबंधात ठीक होतं. आता ‘इट्स पोअरिंग’ पुरे.

राहिली ‘बकेट’. गाइडमध्ये ‘किक द बकेट’पुढे ‘मरणे’ एवढंच छापलेलं असतं. ते वाचून एकीने रजेच्या ईमेलमध्ये लिहिलं: ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट.’ मला दाखवायला आणलं म्हणून बरं. साहेबांना मराठीत कळवल्यासारखंच झालं असतं, “आजोबा गचकले, दोन दिवस येत नाही.” आम्ही ‘पास्ड अवे’ केलं आणि मग तिने पाठवलं.