हँडहेल्डच्या फॅनसाठी ड्रायव्हर लिहिताय? या चुका टाळा

गेमिंग हँडहेल्डचा फॅन बहुतेक मॉडेलांत ईसी, म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर (बोर्डवरची छोटी स्वतंत्र चिप), सांभाळतो. लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर त्या ईसीच्या एका रजिस्टरमध्ये (पत्त्याने ओळखल्या जाणाऱ्या कप्प्यात) एक बाइट लिहितो, बस. काम एवढंसं दिसतं म्हणून पहिलाच पॅच (कर्नलसाठी सुचवलेला बदल) पाठवणारे इथे हमखास वळतात, आणि त्याच त्या चुका पुन्हा रिव्ह्यूला येतात.

भावंड मॉडेलचे पत्ते उचलणं

नवं मॉडेल जुन्यासारखंच दिसतं, डीएमआय तक्त्यात (फर्मवेअरने दिलेल्या नावावरून मॉडेल ओळखणाऱ्या यादीत) एक ओळ वाढवली, फॅन फिरला, पॅच तयार! फॅन फिरणं हा पुरावा नव्हे. वनएक्सप्लेअर या हँडहेल्ड ब्रँडचा ड्रायव्हर उघडून बघा. जुन्या मॉडेलांत आरपीएम (फॅनचा वेग) हेक्स ७६ या पत्त्यावर मिळतो, वनएक्सप्लेअर २ मध्ये हेक्स ५८ वर. पीडब्ल्यूएमची, म्हणजे फॅनला किती जोर द्यायचा त्या आकड्याची, कमाल किंमत कुठे १००, कुठे १८४, ऑरेंज पाय निओ या हँडहेल्डवर २४४. त्यातही जुन्या वनएक्सप्लेअरच्या इंटेल आणि एएमडी बोर्डांची डीएमआय नावं सारखीच, त्यामुळे प्रोसेसर एएमडीचा आहे का हे ड्रायव्हरला वेगळं तपासावं लागलं. अंदाजाने लिहिलेला बाइट चार्जिंगशी संबंधित रजिस्टरमध्येही जाऊन पडू शकतो.

क्रम असा ठेवा. एसीपीआयडम्पने फर्मवेअरचे एसीपीआय तक्ते काढा, आयएएसएलने त्यांतला मुख्य तक्ता, डीएसडीटी, वाचता येईल असा उलगडा आणि त्यात एम्बेडेड कंट्रोल प्रकारचा ऑपरेशन रीजन (ईसीच्या रजिस्टरांचा नकाशा) शोधा. सगळी रजिस्टरं तिथे नावानिशी सापडतीलच असं नाही. मग ईसीचे बाइट्स दाखवणारं ईसी_सिस मॉड्यूल फक्त वाचण्यापुरतं लोड करा. मशीन शांत असताना २५६ बाइट्सचा डम्प घ्या, पाच मिनिटं पूर्ण लोड देऊन दुसरा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. फॅनबरोबर हलणारे बाइट्स लगेच ओळखू येतात. लिहिण्याची परवानगी त्यानंतरच चालू करायची. हा तासाभराचा कंटाळा ज्याला नको, त्याने दुसऱ्याच्या मशीनवर चालणारा ड्रायव्हर लिहू नये.

डीएमआय जुळवताना अचूक जुळणीचा मॅक्रो वापरा. साधा मॅक्रो नावाचा तुकडा सापडला तरी 'हो' म्हणतो, आणि पुढच्या वर्षीचं 'प्रो' मॉडेल फुकटात आत शिरतं.

मॅन्युअलमध्ये टाकलं, परत आणलंच नाही

एचडब्ल्यूमॉन, म्हणजे फॅन आणि तापमान हाताळणारी कर्नलची व्यवस्था, हिचा नियम स्पष्ट आहे: पीडब्ल्यूएम१_इनेबल फाइलमध्ये ० म्हणजे नियंत्रण नाही, फॅन पूर्ण वेगात, १ म्हणजे मॅन्युअल, २ आणि पुढे म्हणजे ऑटो. तरी ० ला ऑटो समजणारे पॅच येतातच. वनएक्सप्लेअरचा ड्रायव्हरही आधी तसाच होता, नंतर नियमाला धरून बदलला. असा बदल उशिरा केला की ० लिहून ऑटो मागणाऱ्या जुन्या स्क्रिप्टला पूर्ण वेगाचा घोंघाट मिळतो. म्हणून पहिल्याच पॅचमध्ये हे बरोबर हवं.

खरा धोका वेगळाच. फॅन मॅन्युअलवर, पीडब्ल्यूएम ३० टक्के, आणि कुणीतरी मॉड्यूल काढलं. ईसीला अजूनही मॅन्युअलच सांगितलेलं आहे. गेम चालू होतो, तापमान चढतं, फॅन ३० टक्क्यांवरच. मग प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो आणि लोक ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालतात. मॉड्यूल काढताना ऑटोवर परत नेणारं फंक्शन डेव्हएम अॅक्शन (ड्रायव्हर सुटताना कर्नल आपोआप चालवतो ते काम) म्हणून नोंदवा, म्हणजे प्रोब (ड्रायव्हर जोडण्याची पायरी) अर्ध्यात फसला तरी ते चालतं. सस्पेंडचं उलटं असतं: उठल्यावर ईसी स्वतःच ऑटोवर गेलेला असू शकतो आणि ड्रायव्हर जपून ठेवलेला '१' दाखवत राहतो. रिझ्युममध्ये मोड आणि पीडब्ल्यूएम दोन्ही पुन्हा लिहा.

गोल करताना गळती

समजा पीडब्ल्यूएमची ईसीतली कमाल १०० आणि एचडब्ल्यूमॉनची २५५. साधा भागाकार केला तर १२८ चे ५० होतात, परत वाचताना १२७. कुठल्या टूलने ते १२७ पुन्हा लिहिले तर ४९, वाचताना १२४. मग ४८, वाचताना १२२. कुणी हात न लावता फॅन मंदावत जातो. जवळच्या पूर्णांकाला नेणारा कर्नलचा तयार मॅक्रो, डिव्ह_राउंड_क्लोजेस्ट, दोन्ही दिशांना वापरा, १२८ चे १२८च राहतात.

आरपीएम दोन बाइट्सचा असतो आणि ते वेगवेगळे वाचले जातात. वेग ४०९५ वरून ४०९६ वर जाताना वरचा बाइट जुना आणि खालचा नवा मिळाला तर ३८४० दिसतात. वरचा बाइट शेवटी पुन्हा वाचा, बदलला असेल तर परत वाचा.

बाकीचं थोडक्यात. एसीपीआयचा ग्लोबल लॉक (कर्नल आणि फर्मवेअरमधलं सामाईक कुलूप) न घेता सलग चार बाइट्स लिहू नका, मधेच फर्मवेअर त्याच ईसीशी बोलू शकतं. टेस्ट स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यूमॉन३ असा नंबर कोरू नका, तो पुढच्या बूटला बदलू शकतो. त्याऐवजी ड्रायव्हरचं नाव सांगणारी नेम फाइल वाचा. फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग ते कोष्टक) कर्नलमध्ये घालू नका, तो हार्डवेअरमध्ये असेल तरच दाखवा. चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट), स्ट्रिक्टसह, पाठवण्याआधी चालवा, रिव्ह्यू आल्यावर नव्हे. आणि 'माझ्याकडे चालतं' ही कमिट मेसेजमधली ओळ काढून त्या जागी बोर्डचं नाव, बायोसची आवृत्ती आणि कोणते मोड तपासले ते लिहा.