घरच्या घरी पॅनकेक: अंडं नसलं, बेकिंग पावडर संपली तरी कसं जमवायचं

रविवारी सकाळी मुलं पॅनकेकसाठी मागे लागली की लगेच ॲपवरून तयार मिक्सचं पाकीट मागवू नका, त्या पाकिटात जे असतं ते जवळपास सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि जे नाही त्याच्या जागी चालेल असं दुसरं काहीतरी नक्की आहे. फक्त कुठली वस्तू नेमकं काय काम करते तेवढं समजून घ्या, मग काय बदलायचं ते तुमचं तुम्हालाच सुचतं.

आधी साधं प्रमाण. १ कप मैदा (मेजरिंग कप २४० मिलीचा, त्यात मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो), २ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ, पाऊण कप दूध, १ अंडं आणि २ मोठे चमचे वितळवलेलं बटर. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा. तळहाताएवढे ६-७ होतात. बटर आपलं नेहमीचं खारं असेल तर मीठ घालूच नका, आणि बटर नसेल तर तूप किंवा वास नसलेलं कुठलंही तेल, काही बिघडत नाही. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र अंदाजाने घालायचा नाही, बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे चालतं.

आता फुगण्याचं, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बेकिंग पावडर म्हणजे खायचा सोडा आणि त्याच्यासोबत कोरडं आम्ल, पाणी आणि उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ हलकं होतं. नुसत्या सोड्यात ते आम्ल नसतं. म्हणून 'बेकिंग पावडर नाही ना, मग सोडा टाक' असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच सांगितलंय, सोड्याला जोडीला आंबट हवंच, नाहीतर पॅनकेक पिवळट होतात आणि तोंडात साबणाची चव राहते. आणि आपल्याकडे आंबट शोधत बसायला लागत नाही, मुंबईच्या उन्हाळ्यात घरी लावलेलं दही बघता बघता आंबट होतं, तेच वापरा: दुधाऐवजी पाऊण कप आंबट दही आणि पाव कप पाणी एकत्र घुसळून घ्या, आणि बेकिंग पावडरच्या जागी फक्त अर्धा छोटा चमचा सोडा. दही नसेल तर १ कप दुधात १ मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ५-१० मिनिटं ठेवा, दूध जरासं फाटल्यासारखं दिसेल, तेच पाहिजे, त्यालाही सोडा तेवढाच.

इनो पण चालतं, पण साधं घ्या, लेमन वगैरे फ्लेवरवालं नको. वरच्या प्रमाणाला एक ५ ग्रॅमचं पाकीट पुरतं. ते अगदी शेवटी घालायचं, कारण ओलं झाल्या झाल्या त्याचा गॅस सुटायला लागतो, तवा तापलेला नसेल तर सगळा फेस भांड्यातच बसून जातो. म्हणून आधी तवा तापवा, मगच पाकीट फोडा.

आणि एक, पावसाळ्यात इथल्या दमट हवेत उघड्या डब्यातल्या बेकिंग पावडरीचा जोर निघून जातो. वापरायच्या आधी अर्धा छोटा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, लगेच खळखळून फेस आला तर ठीक, नाहीतर टाकून द्या. सोडा तपासायचा तर त्यावर लिंबू पिळा.

अंड्याचं काम धरून ठेवायचं आणि थोडं हलकं करायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थीला किंवा एरवीही घरात अंडं चालत नसेल तर अर्धं मोठं पिकलेलं केळं कुस्करून घाला, आपली वेलची केळी असतील तर दीड-दोन लागतील, एकूण पाव कप गर झाला पाहिजे. केळं घातलं की साखर घालू नका, गोडी भरपूर येते आणि पॅनकेक लवकर काळे पडतात, आच कमीच ठेवा. केळ्याचा वास नको असेल तर पाव कप दही, किंवा १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून, ती चिकट झाली की घाला. मला विचाराल तर दही सगळ्यात बरं, चव मध्ये मध्ये येत नाही.

मैदा नको असेल तर कणीक खुशाल घ्या, फक्त कोंडा पाणी जास्त ओढतो त्यामुळे २-३ मोठे चमचे दूध वाढवायचं आणि पीठ १० मिनिटं झाकून ठेवायचं (इनो घालणार असाल तर ते या दहा मिनिटांनंतर). नाचणी छान लागते पण एक तृतीयांशच्या वर नको, तिच्यात ग्लुटेन (पीठ धरून ठेवणारा चिकटपणा) नाही, उलटताना तुकडे पडतात. बेसन घालू नका, चव थेट धिरड्याकडे जाते, मग कांदा-मिरची घालून धिरडंच केलेलं चांगलं. आणि सगळं एकाच वेळी बदलू नका, अंडं नाही, मैदा नाही आणि वर नाचणी भरपूर असं केलं तर धरून ठेवायला काही उरतच नाही.

कृती सोपी आहे. कोरडं सगळं एका भांड्यात चाळून घ्या, ओलं दुसऱ्या भांड्यात फेटा, मग ओलं कोरड्यात ओता आणि चमच्याने फक्त एकत्र होईपर्यंत हलवा. गुठळ्या राहू द्या, खरंच राहू द्या, घोटत बसलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणतं आणि पॅनकेक चिवट होतात. इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. नॉनस्टिक तवा किंवा सवयीचा डोशाचा तवा मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडाला पाहिजे, मग आच थोडी कमी करून तेलाचा बोळा फिरवा आणि डावभर पीठ मधोमध ओता, पसरवू नका. वर बुडबुडे येतील, ते फुटून छिद्रं तशीच उघडी राहिली आणि कडा सुकलेल्या दिसल्या की एकदाच उलटा, दुसरी बाजू मिनिटभरात होते. उलथन्याने दाबायचं नाही, आत जमलेली सगळी हवा निघून जाते. पहिला पॅनकेक बघून आच कमीजास्त करा, बाहेरून काळा आणि आत कच्चा निघाला तर तवा जास्त तापलाय.

मेपल सिरप महाग पडतं आणि घरात क्वचितच असतं, त्याऐवजी काकवी घ्या, दादर-गिरगावात मराठी खाऊची दुकानं आहेत तिथे विचारा. नाहीतर अर्धी वाटी गूळ ३ मोठे चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवून गाळून घ्या, पातळ असतानाच उतरवा, गार झाला की दाट होतो. हापूसचा सीझन असेल तर वर फोडी.

भिजवलेलं पीठ फार वेळ ठेवू नका, हवा जाते, सगळे लगेच करून घ्या. उरलेले पॅनकेक दुसऱ्या दिवशी डब्यात द्यायचे असतील तर जाळीवर पूर्ण गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी तव्यावर झाकण ठेवून गरम करा, डब्यात भरताना मात्र वाफ गेलेली असू द्या, नाहीतर मधल्या सुट्टीपर्यंत ओलसर होतात.