उन्हाळ्यात घरच्या खोलीत क्लासिकल गिटार रेकॉर्ड करताना

क्लासिकल गिटारचा आवाज मुळातच लहान. तो मोठा करायच्या नादात माइक साउंडहोलसमोर, म्हणजे पेटीच्या गोल भोकासमोर, वीतभर अंतरावर आणला की काम बिघडतं. पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे सहाव्या तारेवरचा 'जी' स्वर आणि पाचवी मोकळी तार, एवढेच स्वर फुगून येतात. माइक ६० ते ८० सेंटीमीटर दूर, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) समोर ठेवा. दोन माइक असतील तर तोंडं १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांत बाहेर वळवा.

जुन्या घरात माळवदाची खोली असेल तर तीच निवडा. मातीच्या जाड भिंती रस्त्याचा गोंगाट अडवतात. स्लॅबच्या दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींपुढं, वीतभर अंतर सोडून, दोरीवर गोधड्या टांगा. चारी भिंती झाकू नका. गोधडी फक्त वरचे स्वर शोषते, खालची घुमी तशीच राहते, आणि गिटार रांजणात वाजल्यासारखी येते. खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नका.

पंखा, कूलर, फ्रिज बंद. पहाटे चारची वेळ उत्तम, बोअरच्या मोटरी सुरू व्हायच्या आत. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर काढला की बारीक गुणगुण बहुतेक वेळा थांबते. लाइट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग नको, त्याची घरघर नंतर निघत नाही.

मराठवाड्यातला एप्रिल-मे लाकडाच्या जिवावर उठतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. त्याखाली बराच काळ गेला तर वरची फळी तडकते. साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडा, आत घट्ट पिळलेला ओला स्पंज घाला आणि केसमध्ये गिटारच्या मानेखाली ठेवा. पाणी टपकता कामा नये. कूलरच्या थेट झोतात गिटार कधीच ठेवू नका.

नायलॉनच्या नव्या तारा तीन-चार दिवस उतरत राहतात, म्हणून त्या आदल्या दिवशी बदलू नका.

आता रचना. सुरुवात स्पॅनिश संगीतकार तारेगाच्या (१८५२–१९०९) 'लाग्रिमा'नं करा. तिथं वरची सुरावट आणि खर्ज जोडीनं चालतात, त्यामुळे माइक चुकीच्या जागी असेल तर पहिल्याच ओळीत कळतं: खर्ज सुरावटीला गिळतो. त्याच्याच 'रेक्युएर्दोस दे ला आलाम्ब्रा'मध्ये ट्रेमोलोत, म्हणजे एकच स्वर तीन बोटांनी भरभर छेडताना, नखांची टकटक उठते. माइक उजव्या हातापासून मानेकडं वळवा. टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) अर्ध्या वेगानं ऐका, तीन बोटांपैकी कुठलं घाई करतंय ते सापडेल. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसच्या १९४० मधल्या पहिल्या प्रेल्यूडमध्ये सुरावट जाड तारांवर आहे. बोट सरकवताना चर्र आवाज येतो. तो सॉफ्टवेअरनं घासत बसण्यापेक्षा बोट आधी सरळ वर उचलायची सवय लावा.

बासरीसोबतची (पाश्चात्य फ्लूट) जोडी सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात गोडही. इटालियन संगीतकार जुलियानीच्या ओपस ८५ या बासरी-गिटारच्या रचनेत गिटार नुसती साथ करत नाही, ती सुरावटही घेते. म्हणून ती दबली तर रचनाच कोलमडते. दोघांना एकाच माइकजोडीसमोर बसवा: गिटार ८० सेंटीमीटरवर, बासरी दोन मीटर मागं. उकाड्यात बासरीचा स्वर चढतो, गिटारच्या तारा ढिल्या पडून उतरतात. बासरी दहा मिनिटं वाजवून तापली की तिच्या 'ए' स्वरावरून गिटार लावा आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा तपासा.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि पातळी अशी ठेवा, की सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. अर्जेंटिनाच्या पियाझोलाच्या 'इस्त्वार द्यू टँगो' या बासरी-गिटारच्या रचनेच्या पहिल्या भागात गिटारच्या अंगावर थाप पडते. तिथं पातळी थापेवरून ठरवा, सुरावटीवरून नाही.

शेवटी रिकामी खोली ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. दोन टेक जोडताना मधे हीच शांतता भरायची. कोरी जागा सोडली तर आवाज तुटल्याचं लगेच कानाला लागतं.